प्रलंबित अटक वॉरंट (भारत)

प्रलंबित अटक वॉरंट म्हणजे न्यायालयाने काढलेले, परंतु ज्याची बजावणी झालेली नाही आणि जे रद्दही झालेले नाही, असे अटकेचे आज्ञापत्र होय. विधिपरिभाषेत वॉरंटला 'अधिपत्र' असा प्रतिशब्द आहे. तथापि महाराष्ट्रातील न्यायालये, पोलीस ठाणी आणि वृत्तपत्रे यांत 'वॉरंट' किंवा 'पकड वॉरंट' हेच शब्द रूढ आहेत. भारतीय कायद्यानुसार अटक वॉरंट मुदत उलटल्यामुळे आपोआप संपुष्टात येत नाही. त्याची बजावणी होईपर्यंत किंवा ज्या न्यायालयाने ते काढले त्याच न्यायालयाने ते रद्द करेपर्यंत ते अमलात राहते. त्यामुळे अनेक वर्षांपूर्वीच्या, विस्मृतीत गेलेल्या खटल्यातील वॉरंटवरूनही अटक होऊ शकते.

भारतात प्रलंबित वॉरंटांची सर्वांना पाहता येईल अशी एकत्रित राष्ट्रीय यादी नाही. एखाद्या व्यक्तीच्या नावे वॉरंट आहे किंवा नाही हे ठरवण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे संबंधित न्यायालयाची स्वतःची नोंद होय. इतर सर्व मार्ग त्या नोंदीपर्यंत पोहोचण्यास साहाय्यभूत ठरतात.

== कायदेशीर स्वरूप ==

अटक वॉरंटविषयीच्या तरतुदी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ या कायद्यात आहेत. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली असून तिने फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ हिची जागा घेतली. जुन्या संहितेखाली त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले जुन्याच संहितेनुसार पुढे चालवण्याची तरतूद कलम ५३१ मध्ये आहे. त्यामुळे न्यायालयीन कागदपत्रांत दोन्ही संहितांची कलमे आढळतात.

कलम ७२ नुसार वॉरंट लेखी असावे लागते, त्यावर न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याची स्वाक्षरी असावी लागते आणि न्यायालयाचा शिक्का असावा लागतो. वॉरंट केव्हापर्यंत अमलात राहते, याचा नियमही याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे. वॉरंट सामान्यतः पोलीस अधिकाऱ्याच्या नावे काढले जाते. त्याची बजावणी भारतात कोठेही करता येते (कलम ७९). म्हणजे लातूरच्या न्यायालयाने काढलेले वॉरंट ठाण्यात किंवा बंगळुरूतही बजावता येते.

वॉरंट निघणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. आरोपीला न्यायालयासमोर आणणे हा त्याचा हेतू असतो. समन्स मिळूनही गैरहजर राहणाऱ्या साक्षीदाराविरुद्धही वॉरंट निघू शकते.

== प्रकार ==

* जामीनपात्र वॉरंट : संबंधित व्यक्तीने ठरावीक तारखेस हजर राहण्याची हमी आणि पुरेसे जामीनदार दिल्यास तिला सोडून द्यावे, असा शेरा न्यायालय वॉरंटवर मारते. जामीनदारांची संख्या, रक्कम आणि हजर राहण्याची तारीख त्या शेऱ्यात नमूद असते (कलम ७३).
* अजामीनपात्र वॉरंट : यावर असा शेरा नसतो. पोलिसांना त्या व्यक्तीस अटक करून न्यायालयापुढेच उभे करावे लागते आणि सुटकेचा निर्णय न्यायालय घेते.
* वसुली वॉरंट : दंड किंवा निर्वाहभत्ता यांची थकबाकी वसूल करण्यासाठी हे काढतात. निर्वाहभत्त्याच्या प्रकरणात वॉरंट बजावूनही रक्कम न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कारावास देता येतो (कलम १४४).
* दिवाणी वॉरंट : पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत ऋणकोच्या अटकेसाठी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ नुसार हे निघते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही (कलम ५६). याची बजावणी पोलिसांऐवजी सामान्यतः न्यायालयाचा बेलीफ करतो.

'जामीनपात्र गुन्हा' आणि 'जामीनपात्र वॉरंट' या दोन भिन्न संकल्पना आहेत. गुन्हा जामीनपात्र आहे की नाही हे कायद्याच्या परिशिष्टावरून ठरते, तर वॉरंटचे स्वरूप न्यायालयाच्या आदेशावरून ठरते. धनादेश न वटल्याचा गुन्हा जामीनपात्र आहे. तरीही त्या खटल्यातील आरोपी वारंवार गैरहजर राहिल्यास त्याच्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट निघू शकते. गुन्हा किरकोळ आहे म्हणून वॉरंटही किरकोळ असेल, हा समज या भेदाकडे दुर्लक्ष केल्यामुळे निर्माण होतो.

== वॉरंट निघण्याचा क्रम ==

साधारणपणे न्यायालय प्रथम समन्स काढते. समन्स बजावूनही व्यक्ती हजर न झाल्यास जामीनपात्र वॉरंट आणि त्यानंतरही हजर न झाल्यास अजामीनपात्र वॉरंट, असा क्रम पाळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने इंदर मोहन गोस्वामी विरुद्ध उत्तरांचल राज्य (२००७) या निकालात सांगितले आणि सतेंदर कुमार अंतिल विरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभाग (२०२२) या निकालात त्याचा पुनरुच्चार केला. व्यक्तिस्वातंत्र्य मौल्यवान असल्याने अजामीनपात्र वॉरंट यांत्रिकपणे काढू नये, हे या निकालांमागील तत्त्व आहे. गंभीर गुन्ह्यात किंवा आरोपी पळून जाण्याची शक्यता असल्यास मात्र न्यायालय थेट वॉरंट काढू शकते.

समन्सऐवजी वॉरंट काढताना न्यायालयाने कारणे लेखी नोंदवावी लागतात. गैरहजेरीमुळे वॉरंट काढायचे असेल, तर समन्स वेळेत आणि रीतसर बजावले गेले होते हे सिद्ध व्हावे लागते आणि गैरहजेरीस वाजवी कारण नसावे लागते (कलम ९०). जामिनावर सुटलेला आरोपी नेमलेल्या तारखेस हजर न राहिल्यास वॉरंट निघण्यास एक गैरहजेरीही पुरेशी ठरू शकते.

तपास चालू असतानाही वॉरंट निघू शकते. अजामीनपात्र गुन्ह्यातील आरोपी अटक चुकवत असेल, तर पोलिसांच्या अर्जावरून न्यायदंडाधिकारी त्याच्याविरुद्ध वॉरंट काढू शकतात. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या तपासातून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हे स्पष्ट केले.

== वॉरंटची माहिती न मिळण्याची कारणे ==

वॉरंट काढण्यापूर्वी संबंधिताला त्याची आगाऊ सूचना देण्याचे बंधन नाही. समन्स मात्र बजावले जाणे अपेक्षित असते. परंतु समन्स बजावल्याची नोंद होणे आणि ते प्रत्यक्ष त्या व्यक्तीच्या हाती पडणे यांत अंतर राहू शकते. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

* जुना पत्ता : समन्स फिर्यादीने किंवा पोलिसांनी दिलेल्या पत्त्यावर जाते. नोकरीसाठी पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेलेल्या व्यक्तीचा खटल्यातील पत्ता गावच्या घराचाच असतो.
* कुटुंबीयांकडे बजावणी : व्यक्ती घरी न सापडल्यास समन्सची प्रत तिच्यासोबत राहणाऱ्या प्रौढ कुटुंबीयाकडे देता येते (कलम ६६). जुन्या संहितेत यासाठी प्रौढ पुरुष असणे आवश्यक होते. नव्या संहितेने ती अट काढून टाकली. घरातील नोकराकडे दिलेले समन्स मात्र ग्राह्य नसते.
* दारावर चिकटवणे : वरील मार्ग निष्फळ ठरल्यास समन्सची प्रत घराच्या दर्शनी भागी चिकटवता येते (कलम ६७). घर बंद असल्यास ती कोणाच्याही वाचनात येत नाही.
* टपालाचा शेरा : धनादेशाच्या खटल्यांत 'घेण्यास नकार' असा टपाल खात्याचा शेरा आल्यास समन्स बजावले गेले असे न्यायालय मानू शकते.
* खटला मिटल्याचा समज : फिर्यादीशी तडजोड झाली किंवा पैसे चुकते केले की खटला संपला असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात न्यायालयात तशी नोंद होऊन आदेश होईपर्यंत खटला व वॉरंट दोन्ही कायम असतात.
* तारीख चुकणे : वकील बदलणे, न्यायालयाची पुनर्रचना किंवा खटला दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग होणे यांमुळे आरोपीला पुढील तारीख कळत नाही.

आरोपी दीर्घकाळ न सापडल्यास महाराष्ट्रातील न्यायालये असा खटला नियमित कामकाजातून काढून डॉर्मंट फाइलमध्ये ठेवतात. खटल्याच्या तारखा त्यानंतर थांबतात. आरोपीविरुद्धचे वॉरंट मात्र उभेच राहू शकते.

== पडताळणीचे मार्ग ==

=== ई-कोर्ट्स संकेतस्थळ ===

न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी २००७ पासून राबवल्या जात असलेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पामुळे जिल्हा व तालुका न्यायालयांतील खटल्यांची स्थिती घरबसल्या आणि विनामूल्य पाहता येते. ही सोय संकेतस्थळावर तसेच मोबाइल अ‍ॅपवर आहे. शोध पुढील माहितीवरून घेता येतो :

* सीएनआर क्रमांक : प्रत्येक खटल्यास दिलेला सोळा अक्षरे-अंकांचा एकमेव क्रमांक. त्यातील पहिली दोन अक्षरे राज्याची असतात. महाराष्ट्रासाठी ती 'एमएच' आहेत.
* पक्षकाराचे नाव आणि वर्ष
* खटल्याचा प्रकार व क्रमांक
* पोलीस ठाणे आणि प्रथम खबर अहवालाचा क्रमांक
* वकिलाचे नाव

क्रमांक ठाऊक नसल्यास राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून नावावरून शोध घ्यावा लागतो. हा शोध एका वेळी एकाच संकुलापुरता आणि एकाच वर्षापुरता चालत असल्यामुळे व्यक्ती जेथे राहिली, जेथे तिने व्यवसाय केला किंवा जेथे तिचा बँकव्यवहार होता, ते तालुके आणि ती वर्षे क्रमाने तपासणे आवश्यक ठरते.

शोधात 'प्रलंबित', 'निकाली' आणि 'दोन्ही' असे पर्याय असतात. यांपैकी 'दोन्ही' हा पर्याय उपयुक्त ठरतो, कारण शिक्षेची किंवा निर्वाहभत्त्याची अंमलबजावणी करणारी वॉरंटे मूळ प्रकरणाचा निकाल लागल्यानंतरही निघतात.

खटला सापडल्यावर तीन ठिकाणच्या नोंदी महत्त्वाच्या असतात. पहिली, पुढील तारखेचा हेतू. तेथे समन्स, जामीनपात्र वॉरंट किंवा अजामीनपात्र वॉरंट यांचा निर्देश येऊ शकतो. दुसरी, प्रत्येक तारखेचे कामकाज. आरोपी गैरहजर होता का आणि न्यायालयाने काय आदेश केला हे त्यावरून समजते. तिसरी, न्यायालयाने काढलेल्या आदेशिकांचा तपशील. तेथे आदेशिकेचा प्रकार, दिनांक आणि ती कोणाच्या नावे निघाली हे दिलेले असते. आरोपी अनेक असल्यास वॉरंट नेमके कोणाविरुद्ध आहे हे या तपशिलावरून ताडून पाहता येते.

=== न्यायालयाचे दप्तर ===

संकेतस्थळावरील नोंद माहितीपुरती असते. निर्णायक ठरतो तो खटल्याच्या मूळ फाइलमधील रोजनामा. प्रत्येक तारखेला न्यायालयात काय घडले याची क्रमवार नोंद रोजनाम्यात असते आणि वॉरंटचा आदेशही तेथे आढळतो. पक्षकार किंवा त्याचा वकील अर्ज करून फाइलचे निरीक्षण करू शकतो, तसेच आदेशाची व रोजनाम्याची प्रमाणित नक्कल मागू शकतो. संगणकाचा सराव नसलेल्यांसाठी अनेक न्यायालयांत ई-सेवा केंद्रे आहेत. तेथे खटल्याची स्थिती आणि पुढील तारीख सांगितली जाते.

=== वकील आणि विधी सेवा प्राधिकरण ===

वॉरंटची शक्यता दाट असल्यास वकिलामार्फत चौकशी करणे ही प्रचलित पद्धत आहे. वकील वकीलपत्र दाखल करून फाइल पाहतो आणि त्याच वेळी वॉरंट रद्द करण्याच्या अर्जाची तयारी करता येते. वकील नेमणे परवडत नसल्यास जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती आणि विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० हा आहे.

=== पोलीस ठाणे ===

न्यायालयाकडून आलेल्या वॉरंटांची नोंदवही पोलीस ठाण्यात असते आणि त्यांच्या बजावणीचे काम ठरावीक अंमलदारांकडे सोपवलेले असते. तेथे चौकशी करता येते; परंतु वॉरंट हाती असताना ती व्यक्ती स्वतः ठाण्यात आली, तर तिला अटक करणे हे पोलिसांचे कर्तव्यच ठरते. वॉरंट रद्द करण्याचा अधिकार पोलिसांना नाही. म्हणून स्वतःविषयीच्या पडताळणीची सुरुवात सामान्यतः न्यायालयापासून केली जाते.

पोलीस ठाण्यांना जोडणारी सीसीटीएनएस ही संगणकप्रणाली आणि पोलीस, न्यायालये व कारागृहे यांच्यातील माहितीची देवाणघेवाण करणारी आयसीजेएस ही प्रणाली शासकीय यंत्रणांच्या वापरासाठी आहेत. नागरिकांसाठीच्या पोलीस संकेतस्थळांवर त्यातील काही सेवाच उपलब्ध असतात.

=== माहितीचा अधिकार ===

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली पोलिसांकडे अर्ज करता येतो. तथापि गुन्हेगारांचा तपास, अटक किंवा अभियोग यांत अडथळा येईल अशी माहिती नाकारण्याची मुभा कलम ८(१)(ज) मध्ये आहे. त्यामुळे प्रलंबित वॉरंटच्या बाबतीत हा मार्ग मर्यादित उपयोगाचा आहे.

== पडताळणीच्या मर्यादा ==

संकेतस्थळावर नाव न सापडणे हा वॉरंट नसल्याचा पुरावा ठरत नाही. नावे बहुधा रोमन लिपीत नोंदलेली असतात आणि एकाच मराठी आडनावाची वर्णलेखने अनेक होऊ शकतात. विवाहापूर्वीचे नाव, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर किंवा टोपणनाव यांमुळेही नोंद निसटते. जुन्या खटल्यांची संगणकीय नोंद अपुरी असू शकते. लैंगिक गुन्हे आणि बालकांसंबंधीची प्रकरणे यांचा तपशील गोपनीयतेस्तव जाहीर केला जात नाही. तपासाच्या टप्प्यावर निघालेले वॉरंट नियमित खटल्याच्या नोंदीत दिसेलच असे नाही.

याउलट नाव सापडणे म्हणजे तीच व्यक्ती असणे, असेही नव्हे. समान नाव व आडनाव असलेल्या व्यक्ती महाराष्ट्रात विपुल आहेत. वडिलांचे नाव, वय, पत्ता आणि पोलीस ठाणे जुळल्याशिवाय निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. नोकरी, भाडेकरार किंवा विवाह ठरवताना इतरांविषयी असा शोध घेतला जातो, तेव्हा नामसाम्यामुळे निरपराध व्यक्तीवर अन्याय होऊ शकतो.

वॉरंट नाही म्हणून अटक होणारच नाही, असेही म्हणता येत नाही. दखलपात्र गुन्ह्यात कायद्याच्या अटींना अधीन राहून पोलीस वॉरंटशिवायही अटक करू शकतात (कलम ३५).

== वॉरंट रद्द करणे ==

वॉरंट ज्या न्यायालयाने काढले त्याच न्यायालयात ते रद्द करण्याचा अर्ज द्यावा लागतो. आरोपी सामान्यतः वकिलासह स्वतः हजर होतो आणि गैरहजेरीचे कारण लेखी मांडतो. समन्स न मिळणे, पत्ता बदलणे, आजारपण, तारखेची चुकीची समजूत ही नेहमीची कारणे होत. त्यांच्या पुष्ट्यर्थ वैद्यकीय कागदपत्रे, भाडेकरार किंवा नोकरीचा दाखला जोडला जातो.

न्यायालय वॉरंट रद्द करताना दंडात्मक खर्च लावू शकते, नवा जातमुचलका किंवा जामीनदार मागू शकते, किंवा कारण समाधानकारक न वाटल्यास आरोपीला ताब्यातही घेऊ शकते. पूर्वीच्या जामीनकतब्याचा भंग झाला असल्यास जामीनदाराला नोटीस निघून रक्कम वसूल होऊ शकते (कलम ४९१). अर्ज नामंजूर झाल्यास वरिष्ठ न्यायालयाकडे दाद मागता येते. उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार कलम ५२८ मध्ये जतन केलेले आहेत.

पोलिसांनी पकडून आणण्यापूर्वी आरोपी आपण होऊन हजर होणे आणि अटक होऊन हजर केले जाणे यांतील फरक न्यायालये विचारात घेतात. स्वेच्छेने हजर झालेल्याचा पळून जाण्याचा हेतू नव्हता, हे मांडणे सोपे जाते. पुढील प्रत्येक तारखेस उपस्थित राहणे खरोखरच अशक्य असल्यास वैयक्तिक हजेरीतून सूट मागण्याची तरतूदही आहे (कलमे २२८ व ३५५).

== रद्द झालेल्या वॉरंटची नोंद ==

न्यायालयाने वॉरंट रद्द केले, तरी त्याची प्रत पोलिसांच्या हातात राहिली तर अनर्थ ओढवू शकतो. रघुवंश देवानचंद भसीन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईतील प्रकरणात अजामीनपात्र वॉरंट रद्द झाल्यानंतर तीन दिवसांनी, स्वातंत्र्यदिनी, त्याच वॉरंटच्या आधारे अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणी नुकसानभरपाईचा आदेश दिला. पुढे ९ सप्टेंबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाच्या निमित्ताने सर्व न्यायालयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांतील प्रमुख अशी :

* वॉरंट छापील आणि अनुक्रमांक असलेल्या नमुन्यातच काढावे. प्रत्येक नमुन्याचा हिशेब ठेवावा.
* त्यावर खटल्याचा पूर्ण तपशील, न्यायाधीशांची सुवाच्य स्वाक्षरी आणि न्यायालयाचा स्पष्ट शिक्का असावा.
* वॉरंट विशिष्ट पोलीस अधिकाऱ्याच्या नावे असावे आणि बजावणी होवो वा न होवो, ते ठरलेल्या तारखेपर्यंत परत यावे.
* न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात वॉरंटांच्या नोंदवह्या ठेवाव्यात.
* वॉरंट रद्द झाल्यास तशी नोंद फाइल व नोंदवहीत करावी, आदेशाची प्रत संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवून वॉरंट परत मागवावे आणि आदेशाची प्रत आरोपीलाही द्यावी.

शेवटचे तत्त्व नागरिकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. वॉरंट रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल जवळ बाळगणे आणि तिची एक प्रत संबंधित पोलीस ठाण्यात देऊन पोच घेणे, ही वकीलवर्गात रूढ असलेली दक्षता याच अनुभवातून आली आहे.

== बजावणी आणि अटक झालेल्या व्यक्तीचे अधिकार ==

वॉरंटची बजावणी करणाऱ्याने त्याचा आशय अटक होणाऱ्या व्यक्तीस सांगितला पाहिजे आणि तिने मागणी केल्यास वॉरंट दाखवले पाहिजे (कलम ७७). अटकेनंतर तिला अनावश्यक विलंब न लावता, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायालयापुढे हजर करावे लागते (कलम ७८). अटकेची कारणे समजण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे. अटकेची माहिती नातेवाइकास किंवा मित्रास कळवणे हे पोलिसांवर बंधनकारक आहे (कलम ४८). अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. तशी परिस्थिती असल्यास महिला पोलीस अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते (कलम ४३).

वॉरंट काढणाऱ्या न्यायालयाच्या जिल्ह्याबाहेर अटक झाल्यास, ते न्यायालय ३० किलोमीटरच्या आत किंवा अधिक जवळ नसेल, तर त्या व्यक्तीस स्थानिक कार्यकारी दंडाधिकारी अथवा वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे नेले जाते (कलम ८२). जामीनपात्र वॉरंट असल्यास तेथे हमी देऊन सुटका होऊ शकते.

== वॉरंट टाळण्याचे परिणाम ==

व्यक्ती फरार आहे किंवा वॉरंट चुकवण्यासाठी लपून बसली आहे, अशी न्यायालयाची खात्री झाल्यास किमान ३० दिवसांची मुदत देऊन तिने हजर व्हावे अशी उद्घोषणा काढता येते (कलम ८४). उद्घोषणा गावात जाहीरपणे वाचली जाते, तिच्या घरावर आणि न्यायालयाच्या इमारतीवर लावली जाते. न्यायालयाला योग्य वाटल्यास ती वृत्तपत्रातही प्रसिद्ध होते. त्यानंतर मालमत्ता जप्त करण्याचा आदेश होऊ शकतो (कलम ८५).

उद्घोषणेनुसार हजर न होणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली स्वतंत्र गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गंभीर गुन्ह्यात 'उद्घोषित अपराधी' ठरल्यास ही मर्यादा सात वर्षांची आहे. जामिनावर सुटून पुरेशा कारणाविना गैरहजर राहणे हाही गुन्हा आहे (कलम २६९). नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ नुसार फरार उद्घोषित अपराध्याचा खटला, विहित अटी पूर्ण झाल्यावर, त्याच्या गैरहजेरीतही चालवता येतो.

== पारपत्र आणि परदेशप्रवास ==

पारपत्र अधिनियम, १९६७ च्या कलम ६ नुसार अर्जदाराविरुद्ध न्यायालयाचे समन्स किंवा अटक वॉरंट असल्यास पारपत्र नाकारता येते आणि कलम १० नुसार दिलेले पारपत्र जप्त करता येते. पारपत्रासाठीच्या पोलीस पडताळणीत जुना खटला उघडकीस येण्याचे प्रसंग यामुळेच घडतात. तपास यंत्रणांच्या विनंतीवरून निघणारे लुकआउट परिपत्रक हे वॉरंटहून वेगळे असते. त्याची यादी जाहीर नसल्याने अनेकांना त्याची माहिती विमानतळावरच होते. इंटरपोलची रेड नोटीस हे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट नसून सदस्य देशांना केलेली विनंती असते. भारतातर्फे हा व्यवहार केंद्रीय अन्वेषण विभाग पाहतो.

== बनावट वॉरंट ==

वॉरंटविषयीच्या भीतीचा फायदा घेऊन फसवणूक करण्याचे प्रकार वाढले आहेत. पोलीस, सीमाशुल्क किंवा अन्य खात्याचे अधिकारी असल्याचे भासवून दूरध्वनी वा व्हिडिओ कॉल केला जातो, शिक्का-स्वाक्षरीचे खोटे वॉरंट पाठवले जाते आणि 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगून पैसे उकळले जातात. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा कोणताही प्रकार नाही. वॉरंट पैसे भरून दूरध्वनीवर रद्द होत नाही. ते केवळ न्यायालयाच्या आदेशाने रद्द होते. खऱ्या वॉरंटवर न्यायालयाचे नाव आणि खटल्याचा क्रमांक असतो आणि त्यांची न्यायालयात पडताळणी करता येते. अशा फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर नोंदवता येते.

== जुन्या व नव्या कलमांचा ताळा ==

पुढील यादीत प्रथम फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ चे आणि नंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम दिले आहे.

* वॉरंटचा नमुना व कालावधी : ७० – ७२
* हमी घेऊन सोडण्याचा शेरा : ७१ – ७३
* वॉरंटचा आशय सांगणे : ७५ – ७७
* न्यायालयापुढे हजर करणे : ७६ – ७८
* बजावणीचे क्षेत्र : ७७ – ७९
* उद्घोषणा : ८२ – ८४
* मालमत्तेची जप्ती : ८३ – ८५
* समन्सऐवजी वॉरंट : ८७ – ९०
* उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार : ४८२ – ५२८

== हे सुद्धा पहा ==

* समन्स
* जामीन
* अटकपूर्व जामीन
* भारतीय नागरिक सुरक्षा संहिता
* राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण
* मुंबई उच्च न्यायालय